गुळाचा रवा बसेना, तेव्हा परीक्षानळी काय सांगते

मामांचा फोन आला तेव्हा मी बारावीचं प्रॅक्टिकल घेत होते. त्यांचं गुऱ्हाळ पन्हाळ्याच्या वाटेवर आहे आणि ऐन हंगामात ते कधी दिवसाढवळ्या फोन करत नाहीत, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे लगेच कळलं.

"आगं, कालचं आधण फसलं बघ. साच्यात भरून रात्र गेली, रवा धरंना झालाय. बोट लावलं की चिकाटतंय नुसतं. तुझ्या लॅबात कळंल काय, कशानं झालंय?"

"कळेल मामा. फसलेल्यातला एक डबा द्या. आणि मागच्या आठवड्यातला चांगला बसलेला गूळ असेल तर त्याचाही एक खडा द्या," मी म्हटलं.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडे रवा म्हणजे उपीट-शिऱ्याचा नव्हे, तीसेक किलोची गुळाची ढेप. काहिलीत एका वेळी जेवढा रस चढवतात ते एक आधण. रस आटत आला की गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत वळून बघतो. गोळी नीट वळली की काहील उतरवायची, वाफ्यात ओतायची, घोटायची, साच्यात भरायची. सगळं जमलं तर सकाळी रवा ठणठणीत उभा राहतो. मामांचा राहिला नव्हता.

गंमत अशी, की माझ्यासमोरच्या टेबलावर मुलं नेमकी तीच चाचणी करत होती जिच्यात मामांचं उत्तर होतं: बेनेडिक्टची. प्रत्येकाच्या जर्नलमध्ये एकच ओळ: निळा रंग विटकरी झाला, म्हणून रिड्युसिंग शुगर आहे. "म्हणजे काय आहे?" असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, "गोड आहे." इथंच घोटाळा होतो. या चाचणीला गोडीशी काही देणंघेणं नाही. घरातली साखर एवढी गोड, पण बेनेडिक्टच्या द्रावणात, म्हणजे तांब्यामुळे निळ्या दिसणाऱ्या द्रावणात, उकळली तर रंग निळाच्या निळा. आणि दुधातली साखर जिभेला जेमतेम गोड लागते, तरी ती नळी लाल करते.

कडी मोकळी कुणाची?

रिड्युसिंग शुगरला पाठ्यपुस्तकात क्षपणकारी शर्करा म्हणतात. क्षपण म्हणजे समोरच्याला इलेक्ट्रॉन देणं. जी साखर अल्कधर्मी द्रावणात तांब्याला इलेक्ट्रॉन देऊ शकते ती क्षपणकारी. देता येण्यासाठी तिच्याकडे एक मोकळं टोक लागतं, अल्डिहाइड गटाचं.

ग्लुकोजचा रेणू एरवी कडं करून बसलेला असतो, स्वतःचंच टोक स्वतःच्या दुसऱ्या अंगाला जोडून. पाण्यात हे कडं अधूनमधून उघडतं आणि तेवढ्या वेळात अल्डिहाइडचं टोक उघडं पडतं. कुठल्याही क्षणी पाहिलं तर हजार रेणूंमागे एकसुद्धा उघडा सापडणार नाही. मग एवढ्याशा उघड्या रेणूंवर नळीभर रंग बदलतो कसा? कारण उघडलेला रेणू तांब्याने कामाला लावला की त्याची जागा भरायला दुसरा उघडतो, मग तिसरा. उकळत्या पाण्यात हे इतकं भराभर होतं की चारपाच मिनिटांत जवळजवळ सगळ्यांची पाळी येऊन जाते.

मुलांना मी दाराच्या कडीचं उदाहरण देते. ग्लुकोज हे एक दार समजा, त्याला एक कडी. फ्रुक्टोज हे दुसरं दार, त्यालाही एक कडी. आपली साखर, म्हणजे सुक्रोज, ही दोन दारं एकमेकांना जोडून होते, पण जोडलीत कशी? याची कडी थेट त्याच्या कडीत अडकवलेली. दोन्ही कड्या गुंतल्या, उघडायला एकही उरली नाही. म्हणून सुक्रोज तांब्याला काही देऊ शकत नाही.

दुधातल्या लॅक्टोजमध्येही दोनच दारं आहेत, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. पण तिथं गॅलॅक्टोजची कडी ग्लुकोजच्या फळीवरच्या एका साध्या खिळ्याला अडकवलीय. ग्लुकोजची स्वतःची कडी मोकळी राहिली. दोन ग्लुकोज जोडून झालेल्या माल्टोजचं तसंच. गंगावेशीत पहाटे समोर पिळून दिलेलं म्हशीचं दूध घ्या किंवा पिशवीतलं, त्यातलं लॅक्टोज चाचणीला होच म्हणणार. (दूध थेट वापरू नका, लिंबू पिळून नासवा आणि गाळलेलं पाणी घ्या. नाहीतर प्रथिनांचा साका रंग झाकून टाकतो.)

स्टार्चमध्ये शेकडो-हजारो ग्लुकोज माळेत ओवलेले असतात आणि सगळ्या माळेत मोकळी कडी फक्त शेवटच्या मण्याला. म्हणून तांदळाची पेज नळीत घातली तर रंग बदललेला दिसत नाही. पण भाकरीचा घास बराच वेळ चघळत राहा, गोडसर लागायला लागतो. लाळेने माळ तोडून माल्टोज सोडलेलं असतं. तो घास पाण्यात कालवून, गाळून तपासला तर नळी बोलायला लागते. हा प्रयोग मुलांना मनापासून आवडतो, कारण उपकरण त्यांच्या तोंडातच असतं.

फ्रुक्टोजबद्दल मात्र एक शंका हुशार मुलं काढतातच: त्याच्याकडे अल्डिहाइड नाही, कीटोन आहे, मग ते क्षपणकारी कसं? अल्कधर्मी द्रावणात फ्रुक्टोज आपली रचना बदलून ग्लुकोज किंवा मॅनोज या अल्डिहाइडवाल्या शर्करांसारखं होऊ शकतं, आणि तिथून पुढं वाट तीच. मधात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज मिळून सत्तर टक्क्यांच्या आसपास असतात. मधाच्या थेंबभर द्रावणाने नळी गडद विटकरी होते.

निळ्याचं विटकरी होताना

बेनेडिक्टच्या द्रावणात तीनच वस्तू असतात आणि तिन्ही ओळखीच्या आहेत. पहिली मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, लिटरला १७.३ ग्रॅम. दुसरी सोडियम कार्बोनेट, धुण्याचा सोडा, १०० ग्रॅम. तिसरी सोडियम सायट्रेट, लिंबातल्या आम्लाचं मीठ, १७३ ग्रॅम. मोरचुदाच्या दहापट सायट्रेट कशाला, हे ज्यांनी पिकावर फवारायला बोर्डो मिश्रण केलंय त्यांना पटकन कळेल. मोरचूद आणि चुना एकत्र केला की निळसर साका तयार होतो. अल्कधर्मी पाण्यात तांबं असं विरघळलेलं राहतच नाही, आणि हा साका उकळला तर काळा पडतो. मग लाल-पिवळं काय दिसणार? सायट्रेट तांब्याला अलगद धरून ठेवतं, खाली बसू देत नाही. ट्रोमर या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये तांबं आणि अल्कली वापरून साखर ओळखण्याची रीत दिली होती, पण तिच्यात तांब्याला धरून ठेवणारं कुणी नव्हतं. नंतरच्या लोकांनी मुख्यतः हीच अडचण दूर केली.

नळीत पाच मिलिलिटर द्रावण घ्या, त्यात तपासायच्या द्रावणाचे आठ थेंब टाका, नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. आणि तिथून हलू नका. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही. मग निळ्यात कुठंतरी ढगाळपणा येतो, नळी हिरवट होते. हिरवा रंग नव्याने तयार झालेला नसतो. तो उरलेला निळा आणि तरंगणारे पिवळे कण यांची मिसळ असते. ते कण क्युप्रस ऑक्साइडचे. आणखी तांबं खर्ची पडलं की निळा ओसरतो, पिवळा उघडा पडतो, मग नारिंगी, मग विटकरी. कण बारीक असतील तर पिवळसर दिसतात, मोठे झाले की लाल. शेवटी नळी स्टँडवर ठेवली की तळाशी लाल गाळ बसतो, पावसाळ्यात पंचगंगेच्या पाण्याचा बसतो तसा.

म्हणून हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी हे साखरेचे वेगवेगळे प्रकार नव्हेत. ते कमी-जास्त प्रमाण आहे. हिरव्याला ढोबळमानाने अर्ध्या टक्क्यापर्यंत, पिवळ्याला एक टक्क्यापर्यंत, विटकरीला दोन टक्क्यांच्या वर. अंदाज म्हणून हे चांगलं, पण यापेक्षा जास्त विश्वास त्यावर टाकू नये.

एकदा एका मुलीची नळी अडली. तिला सुक्रोज देऊन सांगितलं होतं, की आधी आम्लात उकळून त्याचे दोन तुकडे कर, मग बेनेडिक्ट कर. तिने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पाच मिनिटं उकळलं, त्यात बेनेडिक्ट ओतलं, पुन्हा उकळलं. निळाच. दुसऱ्यांदा केलं, तेच. तिला वाटलं सुक्रोज तुटलंच नाही. तुटलं होतं. पण नळीतलं आम्ल तसंच होतं, आणि बेनेडिक्टमधला सोडा ते मारण्यातच संपून गेला. मी तिला खायच्या सोड्याची चिमूट दिली. टाकताच फेस आला. आणखी चिमूट, पुन्हा फेस, आणि तिसऱ्या चिमटीला शांत. मग बेनेडिक्ट घालून उकळायला ठेवलं, आणि दोन मिनिटांत नळी विटकरी. त्या चिमटीची आठवण तिला आयुष्यभर राहील असं मला वाटतं. जर्नलमध्ये 'उदासीन करा' हा एक शब्द असतो आणि तोच सगळ्यांकडून राहून जातो.

बाकीच्या चाचण्या

बेनेडिक्ट हे तसं उशिरा आलेलं. अमेरिकेतल्या स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी ते १९०८-०९ च्या सुमारास आणलं. त्याआधी साठ वर्षं जर्मनीतल्या हेर्मान फॉन फेहलिंग यांच्या द्रावणावर काम चालायचं, आणि मोजमापासाठी आजही चालतं. फेहलिंगमध्ये तांब्याला धरायला सायट्रेटऐवजी टार्टरेट असतं. चिंचेत जे टार्टारिक आम्ल असतं त्याचंच हे मीठ. अल्कली म्हणून धुण्याचा सोडा नाही, तर जहाल कॉस्टिक सोडा. एकत्र केलेलं फेहलिंग टिकत नाही, म्हणून अ आणि ब अशा दोन बाटल्या ठेवायच्या आणि वापरायच्या आधी समसमान मिसळायच्या. बेनेडिक्ट एकाच बाटलीत महिनोन्महिने राहतं आणि हातावर सांडलं तर फेहलिंगइतकं भाजत नाही. शाळा-कॉलेजात तेच का रुजलं हे यावरून कळावं.

बारफोडची चाचणी वेगळा प्रश्न विचारते. डेन्मार्कच्या बारफोड यांनी १८७३ मध्ये ती दिली. इथं कॉपर अ‍ॅसिटेट असतं, आणि द्रावण अल्कधर्मी नसून किंचित आम्लधर्मी. आम्लात साखरेचा जोर कमी पडतो, त्यामुळे दोनतीन मिनिटांत लाल गाळ देणं ग्लुकोज, फ्रुक्टोजसारख्या एकदारी शर्करांनाच जमतं. लॅक्टोज, माल्टोज मागे राहतात. पण घड्याळाकडे लक्ष हवं. जास्त वेळ उकळत ठेवलं तर आम्ल त्या दुहेरी शर्करा तोडतं आणि मग त्याही लाल देतात. मुलांच्या चुकीच्या निष्कर्षांमागे बहुतेक वेळा हे दहा मिनिटांचं उकळणंच असतं.

टोलेन्सची चाचणी पाहणं हा सोहळा असतो. तांब्याच्या जागी चांदी: सिल्व्हर नायट्रेटचं अमोनियातलं द्रावण. साखर घालून कोमट पाण्यात ठेवलं की नळीच्या आतून चांदीचा थर चढतो आणि नळीत आपला चेहरा दिसतो. एकेकाळी आरसे करायलाही हीच रीत वापरली जायची. पण हे द्रावण साठवायचं नाही, कधीच नाही. ठेवून दिलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतात. काम झालं की लगेच आम्ल टाकून निकामी करायचं. हे मी दर वर्षी तीनदा सांगते आणि सांगत राहीन.

ग्लुकोज की फ्रुक्टोज हे विचारायचं असेल तर सेलिवानॉफ: रिसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लात फ्रुक्टोज पटकन लालबुंद होतं, ग्लुकोज रेंगाळतं. सुक्रोजही इथं लाल देतं, कारण आम्लात तुटून फ्रुक्टोज सुटं होतं. आणि एमिल फिशर यांची १८८४ ची ओसाझोनची, म्हणजे साखरेपासून स्फटिक बनवायची रीत तर सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, ग्लुकोजचे स्फटिक खराट्याच्या काड्यांसारखे, माल्टोजचे सूर्यफुलासारखे.

या सगळ्या चाचण्यांचा सर्वांत जास्त उपयोग झाला तो दवाखान्यांत. लघवीला मुंग्या लागल्या की मधुमेह, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक. गेल्या शतकात बराच काळ मधुमेहाचे रुग्ण घरी स्टोव्हवर बेनेडिक्टमध्ये लघवीचे आठ थेंब उकळून रंग बघायचे. अडचण अशी, की चाचणी ग्लुकोजला ओळखत नाही, मोकळ्या कडीला ओळखते. अंगावर पाजणाऱ्या आईच्या लघवीत लॅक्टोज उतरू शकतं, आणि कुणी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर घेत असेल तर तेही तांब्याला इलेक्ट्रॉन देतं, साखर नसतानाही. म्हणूनच आता फक्त ग्लुकोजवर काम करणारं विकर (एन्झाइम) लावलेल्या पट्ट्या आल्या. घरात कुणाची जुनी सवय असेल, तर बेनेडिक्टचा रंग पाहून औषधाचं प्रमाण बदलू नका.

मामांचा डबा

दुसऱ्या दिवशी डबा आणि खडा दोन्ही आले. दोन्हींचं पाण्यात द्रावण करून बेनेडिक्ट केलं, तर दोन्ही नळ्या विटकरी. मुलं म्हणाली, "मॅडम, फरकच नाही." बरोबरच. गूळ म्हणजे निव्वळ सुक्रोज नव्हे. चांगल्या गुळातही पाच ते पंधरा टक्के ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं आणि तेवढं नळी लाल करायला पुरेसं. 'आहे का?' या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे होच होतं. मामांचा प्रश्न 'किती?' असा होता.

त्यासाठी लेन आणि आयनन यांची १९२३ ची रीत आहे. चंचूपात्रात मोजून १० मिलिलिटर फेहलिंग उकळत ठेवायचं आणि ब्युरेटमधून गुळाचं गाळून स्वच्छ केलेलं द्रावण सोडत जायचं. शेवटी मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचे थेंब टाकायचे. सगळं तांबं खर्ची पडलं की पुढच्या थेंबाला हा निळा एकदम नाहीसा होतो आणि खाली फक्त विटकरी लाल उरतो. एवढ्या फेहलिंगला साधारण ५० मिलिग्रॅम क्षपणकारी शर्करा लागते. समजा गुळाचं एक टक्क्याचं द्रावण ५० मिलिलिटर लागलं, तर गुळात १० टक्के. २५ मिलिलिटरमध्येच निळा गेला, तर २० टक्के.

मग तोच गूळ आम्लात उकळून, उदासीन करून पुन्हा मोजायचा. आता सुक्रोजही तुटलेलं असल्यामुळे आकडा वाढतो. समजा १० होता तो ९० झाला. वाढलेल्या ८० ला ०.९५ ने गुणायचं, सुक्रोज ७६ टक्के. हा ०.९५ कुठून आला ते मुलांना नुसतं पाठ करायला लावू नये. सुक्रोजचं रेणुवजन ३४२. तुटताना ते पाण्याचा एक रेणू, १८, घेतं आणि ३६० वजनाच्या दोन शर्करा होतात. ३४२ भागिले ३६०. अन्नसुरक्षेच्या नियमात गुळासाठी एकूण शर्करा किमान ९० टक्के आणि सुक्रोज किमान ६० टक्के हवं असं आहे, ते तपासायलाही हाच हिशोब.

खड्याच्या द्रावणाला ब्युरेट बरंच खाली गेलं. डब्यातल्याला खूप आधी थांबलं. दोनदा केलं, तेच आलं.

मी फोन लावला. "मामा, परवाचा ऊस तोडून किती दिवस पडला होता?"

"टोळी दुसरीकडं गेलती गं. चार दिस फडातच हुता. का?"

तोडलेला ऊस मेलेला नसतो. त्याच्यातलंच एक विकर, इन्व्हर्टेज, साखरेच्या त्या गुंतलेल्या कड्या सोडवत बसतं. वर ऊन असेल तर आणखी वेगाने. रस आंबूस झाला की काहिलीतल्या उष्णतेत आम्ल तेच काम करतं. रसात चुन्याची निवळी टाकायची ती हे आम्ल मारायला. रवा धरतो तो सुक्रोजचे सारखे रेणू एकमेकांवर रचून. मध्ये ग्लुकोज-फ्रुक्टोज शिरले की रचना जमत नाही, आणि फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढतं ते वेगळंच. पावसाळ्यात गूळ पाझरतो तोही मुख्यतः याच्यामुळे.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग काकवीत आम्ही लिंबू पिळतो, ते काय चुकतंय व्हय?"

"नाही मामा, ते बरोबर आहे. काकवी बरणीत पातळ राहायला हवी, तिच्यात खडे धरायला नकोत. लिंबू तिच्यातली थोडी साखर मुद्दाम तोडतं."

"आस्सं." मग तिकडून कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला, "आरं, त्या फसल्याल्या आधणात पाणी घालून परत चढीव. लिंबं आन चारपाच. काकवी करू."